ढेरपोटी अक्षरं

६ फेब्रुवारी

मावशी,

आधी इस्त्री बंद कर, मग हे वाच. मागच्या वेळी माझं पत्र वाचता वाचता तू कुणाच्या तरी सदऱ्याला भोक पाडलंस आणि दोष माझ्या अक्षराला दिलास.

तर, झाला एकदाचा. माझा फॉन्ट पुरा झाला. तीन वर्षं मी दिवसा औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर जुळवत होते आणि उरलेल्या वेळात हा काढत होते. सोबत नमुन्याचा कागद आहे. तो बघून तू पहिल्यांदा म्हणशील, "अगं, ही एवढी रुंद का?" म्हणून आधीच सांगते, ती रुंदच आहेत. प्रत्येक अक्षर उंचीपेक्षा रुंदीला जास्त. सगळी वळणं कंपासनं काढल्यासारखी गोल, सगळ्या रेघा एकाच जाडीच्या, कुठं टोक नाही, शेपूट नाही, नक्षी नाही. शिरोरेषा म्हणजे दोन्ही तोंडं गोल केलेला पाइप. ही अक्षरं पुस्तकात वाचायची नाहीत. ती अंतराळयानाच्या दारावर लावायची, सिनेमाच्या नावात लावायची, दोनशे वर्षांनंतरच्या शहरातल्या पाट्यांवर लावायची. नाव ठेवलंय 'गोलार्ध'.

आता कामाचं. अंतराळातले व्हिडिओ गेम बनवणारी एक कंपनी आहे. तिथल्या कलाप्रमुख बाई ऑफिसातही काळा चष्मा लावून बसतात. त्यांना 'गोलार्ध' आवडला. पण म्हणाल्या, "पडद्यावर सगळंच छान दिसतं. खऱ्या भिंतीवर, खऱ्या माणसांनी वाचावीत अशी ही अक्षरं कुठं लागलीत का?" मी म्हटलं, लागलीत. मावशी, तोंडातून निघून गेलं. त्यांनी विचारलं, कुठं? मी म्हटलं, एका संस्थेच्या इमारतीवर. कसली संस्था? मी म्हटलं, स्वच्छतेच्या क्षेत्रात काम करते.

तर ती संस्था तू आहेस.

तुझ्या लाँड्रीवरची पत्र्याची पाटी इतकी गंजलीय की 'धुलाई केंद्र'मधलं नुसतं 'धु' वाचता येतं, तेही हुकूम सोडल्यासारखं. नवी पाटी मी करून पाठवते, एकेक अक्षर कापून. फक्त दुकानाच्या दर्शनी भिंतीची रुंदी कळव. वीस फुटांच्या वर असली तर देव पावला. कमी असली तर अक्षरं आवळावी लागतील, आणि आवळलेला 'गोलार्ध' म्हणजे पोट आत ओढून फोटोला उभा राहिलेला माणूस. हा फॉन्ट या कंपनीनं घेतला नाही तर मी जन्मभर औषधांच्या खोक्यांवरचा मजकूरच जुळवत बसणार, हे लक्षात ठेव.

तुझी भिंगरी


१४ फेब्रुवारी

भिंगरे,

इस्त्री बंद केली नव्हती. उशीचा एक अभ्रा गेला. माझाच होता, म्हणून सोडून देते.

कागद बघितला. ही काय अक्षरं आहेत? पोटभर जेवून, पट्टा सैल करून बसलेल्या माणसांची पंगतच वाटते. तो 'क' बघून मला तुझे थोरले काका आठवले. ते बसले की खुर्ची दिसेनाशी व्हायची. तू 'गोलार्ध' म्हण, मी ढेरपोटी म्हणणार. पण खरं सांगते, कागद मी भिंतीला लावलाय आणि जाता-येता बघते. बघितलं की बरं वाटतं.

तू खोटं बोललीस हे वाचून मला फार आनंद झाला. तुझ्या आईनं तुला इतकं सरळ वाढवलं होतं, की मला तुझी काळजीच वाटायची.

दुकानाची रुंदी बावीस फूट. मी स्वतः टेप लावून मोजली. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून खिळ्याला अडकवलं. शेजारचा घड्याळजी काचेआडून बघत होता. हा तोच, माझ्या भिंतीला भिंत लावून घड्याळं दुरुस्त करत बसतो तो. चार वर्षं आमचं बोलणं नाही. त्याचं म्हणणं, माझ्या वाफेनं त्याच्या काचा धुरकटतात. माझं म्हणणं, त्याची घड्याळं एकदम टोले देत नाहीत, एकापाठोपाठ एक देतात, त्यामुळे त्याच्याकडे बारा वाजायला पाव तास लागतो. तोंडानं बोलत नाही, पण दाराखालून चिठ्ठ्या सरकवतो. परवाच्या चिठ्ठीवर नुसतं 'वाफ' एवढंच लिहिलं होतं. मी मागच्या बाजूला 'टोले' लिहून परत सरकवली.

पाटी पाठव. अक्षरं आवळू नकोस.

मावशी


३ मार्च

मावशी,

बावीस फूट! मला आठवतं ते तुझं दुकान म्हणजे दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. लहानपणी मोठ्या वाटणाऱ्या गोष्टी मोठेपणी लहान होतात असं ऐकलं होतं. तुझ्या दुकानाचं उलटंच झालेलं दिसतंय.

आज खोकं रवाना केलं. अक्षरं पांढरी आहेत, हाताएवढी जाड, आणि वजनाला हलकी. आधी 'धुलाई', मग थोडी जागा, मग 'केंद्र'. जागा किती सोडायची ते आतल्या कागदावर लिहिलंय. शिडीवाल्याला ती मोजूनच सोडायला सांग. बावीस फुटांत सगळं ऐसपैस बसेल.

पाटी लागली की समोरून फोटो काढून पाठव. काळ्या चष्म्यावाल्या बाई दर आठवड्याला विचारतात, आणि दर आठवड्याला मी तुझी संस्था थोडी थोडी वाढवत नेते. आता तुमची संशोधन शाखाही आहे.

भिंगरी


१७ मार्च

भिंगरे,

पाटी लागली. शिडीवाल्यानं खोकं उघडलं आणि मला विचारलं, "बाई, पाटी लावायचीय की विमान उतरवायचंय?" पण लावली झकास.

फोटो पाठवतेय. त्यात 'धुलाई' एवढंच आलंय. समोर सायकलींची रांग असते, मागे सरकायला जागा नाही, म्हणून 'केंद्र' मावलं नाही. पण ते आहे. भिंतीवरच आहे.

रस्त्यावरचा प्रत्येक माणूस थांबून बघतो. एकानं विचारलं, "आता कपडे अंतराळात नेऊन धुता का?" मी म्हटलं, फक्त लोकरीचे. तो खरंच दुसऱ्या दिवशी दोन स्वेटर घेऊन आला. आमच्या संशोधन शाखेनं ते आटवून दाखवले.

खोक्यात एक गोल झाकणही निघालं, ताटाएवढं. खोक्याचंच असेल. माझ्या स्टार्चच्या बादलीवर अगदी फिट्ट बसतं. तेवढी आठवण ठेवलीस, बरं वाटलं.

मावशी


२२ मार्च

महोदया,

सप्रेम म्हणवत नाही, म्हणून नुसता नमस्कार.

आपला पत्ता खोक्यावरून मिळाला. खोके माझ्या दारात टाकून दिलेले होते. मी घड्याळे दुरुस्त करतो. आमच्या इमारतीत तीन दुकाने आहेत, तिन्ही सारखी, प्रत्येकी अकरा फूट रुंद. पहिले आपल्या मावशींचे, मधले माझे, तिसरे शिंप्याचे. आपण पाठवलेली पाटी बावीस फुटांची आहे. पुढचे आपल्या लक्षात येईल.

मी दोन दिवस परगावी गेलो होतो. परत आलो तेव्हा माझ्या दारावर 'केद्र' असे लिहिलेले होते. केंद्र नव्हे. केद्र.

तेव्हापासून लोक आत येतात. एवढ्या मोठ्या अक्षरांखाली कसले केंद्र आहे, हे कोणी विचारत नाही. येतात आणि बाकावर बसतात. एक गृहस्थ नळाला पाणी येत नसल्याची तक्रार घेऊन आले. मी घड्याळजी आहे असे सांगितले, तर ते म्हणाले, "साहेब जेवायला गेलेत का? थांबतो मी." एक बाई हरवलेल्या मांजरीचे सविस्तर वर्णन देऊन गेल्या. काल एक जोडपे लग्नाची नोंदणी करायला आले. इथे होत नाही म्हटल्यावर मुलगी रडू लागली. शेवटी दुकान बंद करून मी त्यांना योग्य त्या कार्यालयात घेऊन गेलो. तिथे साक्षीदार कमी पडत होता. तोही मीच झालो.

याबाबत मी मावशींना चिठ्ठी पाठवली. तिच्यावर 'केद्र?' असे लिहिले होते. उत्तर आले, 'शोभतं.'

तरी आपला शब्द माझ्या भिंतीवरून काढून न्यावा, ही विनंती.

अक्षरांविषयी माझी तक्रार नाही. सकाळी कुलूप उघडण्याआधी मी थोडा वेळ त्यांच्याकडे बघत उभा राहतो. हे मावशींना कळवू नये.

आपला,
घड्याळजी


२८ मार्च

मावशी!

अकरा फूट! तुझं दुकान अकरा फूट आहे, आणि उरलेले अकरा तू चक्क शेजाऱ्याचे मोजलेस! घड्याळजींचं पत्र आलं. ते वाचून मी इतकी हसले की खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीनं छत ठोकलं. आणि ते झाकण नाहीये. तो 'केंद्र'वरचा अनुस्वार आहे! बादलीवरून काढ तो. घड्याळजींनाही मी तसं कळवलंय.

हसून झालं, आता दुसरं सांगते. तुझ्यापासून लपवलं होतं. त्या बाईंनी 'गोलार्ध' गेममध्ये लावून बघितला. बटणांवर शब्द बसत नाहीत. 'सुरू करा'मधलं 'करा' पडद्याबाहेर जातं. यानाच्या दारावर 'प्रवेश नाही' लिहायला गेले, तर दारावर 'प्रवेश' एवढंच मावलं आणि 'नाही' पुढच्या खोलीत गेलं. बाई म्हणतात, तीस टक्के अरुंद करून दे, मग घेतो. एप्रिलअखेर सांग.

मी नाही म्हणणार होते. म्हटलं, एका तरी भिंतीवर माझी अक्षरं पाय पसरून बसलीत ना, मग मी त्यांना फोटो दाखवीन आणि भांडेन. आता कळतंय की तिथंही ती दुसऱ्याच्या भिंतीवर बसलीत. म्हणजे बाईंचंच खरं. ही अक्षरं कुठंच मावत नाहीत.

तेव्हा आवळायला घेते. तुलाही नवी पाटी पाठवीन, अकरा फुटांत बसेल अशी. तुझ्यावर रागावले नाहीये मी. वाईट मात्र फार वाटतंय. तीन वर्षं मी दुसरं काही केलं नाही गं, एकेका अक्षराला जागा करून दिली. आता एकेकाकडून ती काढून घ्यायची.

भिंगरी


५ एप्रिल

भिंगरे,

कात्री खाली ठेव आणि माझं ऐक.

मी खोटं का बोलले ते सांगते. तू लिहिलं होतंस की वीस फुटांच्या खाली अक्षरं आवळावी लागतील. मला तुझी अक्षरं पोट आत ओढून उभी राहिलेली बघायची नव्हती. आता चार वर्षं मनात होतं की घड्याळजीच्या भिंतीवर काहीतरी चढवावं, तेही साधून घेतलं. पण आधी तुझं.

आता गंमत ऐक. परवा दुपारी इस्त्री करतेय तर दारात घड्याळजी. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या उंबऱ्यात. मला वाटलं, आता तोफ सुटणार. तर म्हणतो,

"माझा अनुस्वार द्या."

मी म्हटलं, "तुमचा?"

"शब्द माझ्या भिंतीवर आहे. अनुस्वारही माझाच."

"बादलीवर आहे. काढला तर स्टार्चमध्ये माश्या पडतील."

"मी दुसरं झाकण आणलंय."

आणि कोटाच्या आतून खरंच झाकण काढलं गं त्यानं! अ‍ॅल्युमिनियमचं, नवं कोरं. मी बादलीवरचा अनुस्वार काढून दिला. तो शिडी चढला, मी शिडी धरली. वरून विचारतो, "मध्यावर आहे का?" मी म्हटलं, जरा डावीकडे. मग म्हटलं, जरा उजवीकडे. पहिल्यापासून मध्यावरच होता, पण असा सांगितलेलं ऐकणारा माणूस रोज कुठं भेटतो?

तुला वाटतात तेवढे त्याचे हाल नाहीयेत तिथं. 'केंद्र' जोरात चाललंय. तो आता नळाच्या तक्रारी लिहून पुढे पाठवतो. हरवलेल्या छत्र्या जमा करून ठेवतो. ती मांजरसुद्धा सापडली, शिंप्याच्या कापडांच्या ढिगात. माझी गिऱ्हाइकं कपडे त्याच्याकडे टाकून जातात आणि त्याची माझ्याकडे घड्याळं. मग दिवसभर मी त्याच्या दारात, तो माझ्या दारात, बाहेरून वळसे घालून घालून पायाचे तुकडे पडतात. काल त्याच्या चेहऱ्यावर हसू बघितलं. आधी वाटलं दात दुखतोय.

त्या बाईंना एवढ्यात काही पाठवू नकोस. महिनाअखेरपर्यंत कळ काढ. का ते विचारू नकोस.

मावशी


१० एप्रिल

महोदया,

आता सप्रेम नमस्कार म्हणायला हरकत नाही, असे मावशींचे मत पडले.

माझी मागची तक्रार मी मागे घेत आहे.

एक शंका आहे. 'धुलाई' आणि 'केंद्र' यांच्यामध्ये आपण नऊ इंच जागा सोडायला सांगितली होती. मावशींचे दुकान आणि माझे दुकान यांच्यामधली भिंतही नऊ इंचांचीच आहे. हे आपण जाणूनबुजून केले की योगायोगाने झाले? आमच्या दोघांत यावरून वाद आहे. कृपया लवकर कळवावे, गवंडी थांबला आहे.

आपला,
घड्याळजी


१७ एप्रिल

मावशी,

गवंडी कशाला? आता काय, भिंत आणखी जाड करताय की काय? आत्ता कुठं अनुस्वारावरून बोलायला लागलात, तेवढ्यात पुन्हा बिनसलं? घड्याळजींना सांग, ते नऊ इंच योगायोगानं आलेत, मला तुमची भिंत ठाऊकही नव्हती. आणि तुमच्यात जो कोणी वाद हरला असेल त्याला सांग, मी जाणूनबुजून केलं.

इथं मात्र माझं धाबं दणाणलंय. काळ्या चष्म्यावाल्या बाई स्वतः तुझ्याकडे यायला निघाल्यात! मी 'धुलाई'चा फोटो दाखवला, तर म्हणाल्या, उरलेली संस्था मला प्रत्यक्ष बघायचीय. पंचवीस तारखेला येणार. त्यांनी 'केंद्र' दुसऱ्याच्या दुकानावर बघितलं की सगळंच मुसळ केरात.

म्हणून अरुंद पाटी करून पाठवलीय. बाई येण्याआधी ती लाव. 'धुलाई केंद्र' सगळं तुझ्या अकरा फुटांत बसेल, आणि बाईंनाही वाटेल की मी त्यांचं ऐकलं. अरुंद फॉन्टही तयार आहे. अजून दिला नाहीये, टेबलावर दोन्ही नमुने शेजारी शेजारी ठेवलेत. अरुंद अक्षरं नीट वाचता येतात. त्यांच्यात बोट ठेवायला जागा नाही. पण ती मी काढलेली वाटत नाहीत. सकाळपासून त्यांच्याकडे बघणं टाळतेय.

तू काय ठरवून बसलीयस मला कळत नाही. पण कृपा करून पाटी बदल.

भिंगरी


२७ एप्रिल

भिंगरे,

आधी खाली बस. या खेपेला इस्त्री खरंच बंद आहे.

तुझी अरुंद पाटी पोचली. खोकं उघडलं नाही. त्याच्यावर चहाचे कप ठेवतो, उंची अगदी बरोबर आहे.

आम्ही मधली भिंत पाडली.

तू लिहिलंस ना, की ही अक्षरं कुठंच मावत नाहीत, ते मी घड्याळजींना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि रस्त्यावर जाऊन पाटीकडे बघत राहिले. परत येऊन म्हणाले, "अक्षरांत काही चूक नाही. दुकानं लहान आहेत." दुसऱ्या दिवशी गवंडी हजर. गवंड्यानं भिंत ठोकून बघितली आणि म्हणाला, "हिच्यावर छपराचा काही भार नाही. उगाचच उभी आहे, कोण जाणे कशासाठी." आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. पाडताना मात्र पहिला घाव मी घातला. फार बरं वाटलं. दुसरा त्यांनी मागून घेतला.

आता मी इस्त्री करते तिथून ते दिसतात. वाफेसाठी खिडकीत पंखा बसवलाय. टोले भिंतीतून यायचे तेव्हा डोकं उठायचं. आता कुठलं घड्याळ बोलतंय ते दिसतं, आणि मागे पडलेल्याची दया येते.

तुझ्या बाई पंचवीसला आल्या. काळा चष्मा लावून सायकलींच्या मागे उभ्या राहिल्या. बराच वेळ हलल्या नाहीत. मग चष्मा काढला. समोर एक दुकान, दोन दारं, आणि वर या टोकापासून त्या टोकापर्यंत तुझी ढेरपोटी, मांडी घालून बसलेली. आत आल्या आणि म्हणाल्या, "संस्थेचे प्रमुख कोण?" आम्ही दोघंही "मी" म्हणालो.

मग विचारलं, "दुकान असं पाटीच्या मापाचं कसं बांधलंत?"

मी म्हटलं, "आधी पाटी आली. बसेना. म्हणून भिंत पाडली."

"लोक सहसा पाटी लहान करतात."

"बाई," मी म्हटलं, "आमची भिंत विटांची होती. तीन दिवस धूळ खाल्ली आम्ही. तुमचं यान तर अजून नुसतं चित्रात आहे. त्याचं दार रुंद करायला काय लागतं?"

घड्याळजींनी त्यांना बाक दिला. शेजारी नळाची तक्रार घेऊन आलेले तेच गृहस्थ बसले होते. त्यांनी बाईंना सांगितलं, "बसा, इथं काम होतं." त्यावर बाई जे हसायला लागल्या ते थांबेचनात. जाताना अंगावरचा कोट माझ्याकडे धुवायला टाकला आणि मनगटावरचं घड्याळ त्यांच्याकडे. दारातून वळून म्हणाल्या, "तुमच्या भाचीला सांगा, दारं रुंद करतो. अक्षरं आहेत तशीच पाठव." तुलाही लिहितीलच, पण माझं पत्र आधी पोचावं म्हणून मी स्वतः टपालात टाकायला जाणार आहे.

एक बोलायचं राहिलं होतं. लहानपणी तुला आम्ही सगळे सांगायचो, भिंगरे, पसरून बसू नकोस, जागा अडवू नकोस, कोपर आत घे. तू घ्यायचीस. तुझा तो फॉन्ट बघितला तेव्हा मला कळलं की तू किती वर्षं कोपर आत घेऊन बसली होतीस. आता पसरून बस. कुणाला अडचण झाली तर माझ्याकडे पाठव, मी आणि गवंडी बघून घेऊ.

मी घड्याळजींना 'ते' म्हणायला लागलेय हे तुझ्या लक्षात आलंच असेल. त्यावर तुझ्या उत्तरात एक शब्दही नको.

आता काम. त्यांचं म्हणणं, पाटीवर सगळं माझंच आहे, त्यांच्या धंद्याचा उल्लेख नाही. खरंच आहे. तेव्हा 'केंद्र'च्या पुढे 'घड्याळ दुरुस्ती' हवंय. ढेरपोटीच हवं, एक इंचही आवळलेलं चालणार नाही. तुला माप लागेल म्हणून आज सकाळी पुन्हा टेप लावली. या वेळी खिळ्याची गरज पडली नाही, दुसरं टोक त्यांनी धरलं होतं. शिंपी काचेआडून बघत होता.

आमचं दुकान तेहतीस फूट भरलं.

मावशी